अग्नोदिकेचा खटला

अथेन्समधल्या एका मुलीला वैद्यक शिकायचं होतं, पण शहराचा कायदा आड येत होता. बायकांना आणि गुलामांना ही विद्या बंद होती. सुइणीही तेव्हा नव्हत्या. त्यामुळे अडलेल्या बायका परपुरुषासमोर अंग उघडं करण्याच्या लाजेपायी तशाच मरून जात. या मुलीने केस कापले, पुरुषाचा वेष केला आणि हेरोफिलोस नावाच्या वैद्याकडे जाऊन ती शिकली. विद्या हाती आल्यावर एक बाई कळा देत असल्याचं तिच्या कानावर आलं, तशी ती तिथे पोचली. बाई तिला जवळ येऊ देईना, कारण तिच्या लेखी समोर पुरुष उभा होता. तेव्हा मुलीने अंगातला झगा वर उचलून आपण बाई असल्याचं दाखवलं आणि मग त्या बाईने स्वतःला तिच्या हाती सोपवलं.

पुढे बायका याच तरुण वैद्याला बोलावू लागल्या. बाकीच्या वैद्यांना कुणी उंबऱ्याच्या आत घेईना. त्यांनी आरोप ठेवला की हा गुळगुळीत चेहऱ्याचा पोरगा बायकांना नादी लावतो आणि बायकाही आजारपणाचं सोंग करून त्याला बोलावून घेतात. प्रकरण अरेओपागोसच्या न्यायमंडळापुढे गेलं. शिक्षा होणार असं दिसताच मुलीने तिथेही झगा वर केला. बायका नासवल्याचा आरोप त्या क्षणी गळून पडला, पण वैद्य आणखीच खवळले. आता तिचा गुन्हा दुसराच ठरत होता: बाई असून वैद्यकी करणं. तेवढ्यात शहरातल्या प्रतिष्ठित घरांतल्या बायका न्यायमंडळापुढे येऊन उभ्या राहिल्या. आमचे जीव जिच्यामुळे वाचले तिलाच शिक्षा करणारे तुम्ही नवरे कसले, असं त्यांनी पुरुषांना तोंडावर सुनावलं. अथेन्सने कायदा बदलला. गुलामीत नसलेल्या बायकांना वैद्यक शिकण्याची मोकळीक मिळाली.

ही मुलगी म्हणजे अग्नोदिके. प्राचीन ग्रीसमधली पहिली स्त्री-वैद्य म्हणून तिचं नाव आजही सांगितलं जातं. तिची कथा मात्र प्राचीन साहित्यात एकाच ठिकाणी सापडते. हिगिनुस या लेखकाच्या नावावर असलेलं 'फाबुलाय' नावाचं एक लॅटिन पुस्तक आहे. ते बहुधा इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातलं असावं. ग्रीक पुराणकथा थोडक्यात सांगणारं हे पुस्तक, आणि त्याच्या 274व्या प्रकरणाचा विषय आहे कोणती गोष्ट कोणी प्रथम शोधून काढली. वनस्पतींनी जखमा बऱ्या करण्याची विद्या खिरोनने आणली, जो अर्धा माणूस आणि अर्धा घोडा होता. डोळ्यांचे उपचार अपोलो देवाने सुरू केले. रोग्याच्या खाटेपाशी बसून उपचार करण्याची रीत अपोलोचा मुलगा अस्क्लेपिओस याची. त्यांच्या पाठोपाठ येते अग्नोदिके. आणि याच प्रकरणात पुढे समुद्रातून वर येऊन खाल्डियाच्या लोकांना ज्योतिष शिकवणारा ओआनेसही भेटतो. अग्नोदिकेच्या शेजारी कोण बसलं आहे हे पाहिलं की तिला इतिहासातली व्यक्ती मानण्याआधी जरा थांबावंसं वाटतं.

पुस्तकही थोडक्यात वाचलं. 'फाबुलाय'ची एकच हस्तलिखित प्रत मध्ययुगातून पार पडली. साधारण इसवी सन 900च्या सुमारास लिहिलेली ती प्रत बव्हेरियातल्या फ्रायझिंगमध्ये होती. याकोब मिकिलुस या जर्मन विद्वानाने ती वाचून 1535मध्ये बाझेलला छापली. पुढे मूळ प्रत फाडली गेली आणि तिच्या चर्मपत्राचे काही तुकडे तेवढे नंतर दुसऱ्या पुस्तकांच्या बांधणीत सापडले. म्हणजे आपल्याला ठाऊक असलेली अग्नोदिके मिकिलुसच्या छापील पानांवर उभी आहे.

आता कथा तपासून पाहू. सुरुवातीलाच ती म्हणते की प्राचीन काळी सुइणी नव्हत्या. पण सॉक्रेटिसची आई फाइनारेते सुईण होती, आणि सॉक्रेटिस इसवी सनापूर्वी 399मध्ये गेला. प्लेटोच्या 'थेऐतेतोस' या संवादात सॉक्रेटिस आईच्या कामाबद्दल बरंच बोलतो. सुइणी स्वतः बाळंतपणातून गेलेल्या पण आता मुलं होण्याचं वय उलटलेल्या असतात, औषधं देऊन त्या कळा वाढवतात किंवा सौम्य करतात, असं तो सांगतो. ऐकणाऱ्यांना हे सगळं ओळखीचं होतं हे त्या बोलण्यावरूनच कळतं. गुलामांना बंदी होती म्हणावं, तर तोच प्लेटो 'कायदे' या ग्रंथात गुलामांवर उपचार करणाऱ्या गुलाम वैद्यांचं वर्णन करतो. वैद्यक कोणी शिकावं हे ठरवणारा कायदा अथेन्समध्ये होता याला कुठेच आधार मिळत नाही. परवाना नव्हता, परीक्षा नव्हती, पदवी नव्हती. वैद्याच्या हाताखाली राहायचं, पाहायचं, करायचं आणि लोकांनी विश्वास टाकला की आपण वैद्य. अरेओपागोसचं नावही खटकतं. इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात ते मंडळ मुख्यतः खुनाचे खटले चालवत असे. कायदा बदलणं त्याच्या हातात नव्हतं.

आणि हेरोफिलोस? हा माणूस खरा, पण तो अथेन्सचा नव्हे. आजच्या इस्तंबूलच्या आशियाई किनाऱ्यावर जे खाल्केदोन होतं तिथे तो जन्मला, आणि इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात टॉलेमी राजांच्या अलेक्झांड्रियात त्याने नाव काढलं. कथाकाराने अग्नोदिकेसाठी गुरू निवडताना नेमका हाच का निवडला असेल, याचं उत्तर त्याच्या कामात मिळतं. ग्रीक जगात माणसाचं शव उघडून पाहणं निषिद्ध होतं. अलेक्झांड्रियात राजाश्रयामुळे एखाद्या पिढीपुरती ती बंदी सैल झाली आणि हेरोफिलोस व त्याचा समकालीन वैद्य एरासिस्त्रातोस यांनी तिचा पुरेपूर उपयोग केला. मेंदू, डोळ्याचे पडदे, मज्जातंतू, लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग, सगळीकडे हेरोफिलोसची नजर फिरली. तापात नाडी किती जोरात चालते हे मोजायला तो पाण्याचं घड्याळ वापरायचा. या कीर्तीला एक काळी बाजूही आहे. राजाने तुरुंगातून दिलेल्या गुन्हेगारांना या दोघांनी जिवंतपणी चिरलं, असं सेल्सस हा रोमन लेखक लिहून गेला आहे.

बायकांच्या शरीराबद्दल हेरोफिलोसने जे पाहिलं ते त्या काळाच्या कितीतरी पुढचं होतं. गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंना असलेले अंडाशय त्याने पाहिले आणि पुरुषाच्या वृषणांशी त्यांची तुलना केली. त्यांच्याजवळच्या नळ्याही त्याला दिसल्या, पण इथे त्या तुलनेनेच त्याला फसवलं. पुरुषाच्या शरीरातल्या वाटेवरून अंदाज बांधून तो म्हणाला की या नळ्या मूत्राशयाकडे जातात. गरोदरपणात गर्भाशयाचं तोंड इतकं घट्ट मिटलेलं असतं की त्यात सळईचं टोकही जाणार नाही, हे निरीक्षण त्याच्याच नावावर आहे. सुइणींच्या कामावर त्याने एक ग्रंथ लिहिला होता, तो पुढे हरवला. बायकांचा वैद्य व्हायला निघालेल्या मुलीला याहून योग्य गुरू मिळाला नसता. फक्त समुद्र ओलांडून, शेकडो मैल दूर, अलेक्झांड्रियाला जावं लागलं असतं.

एवढं झाल्यावर कथा खोटी म्हणून बाजूला ठेवता येईल. मी ती ठेवणार नाही, कारण तिच्या पोटात एक गोष्ट आहे जी शंभर टक्के खरी आहे आणि तिचा पुरावा खुद्द ग्रीक वैद्यांनी लिहून ठेवला आहे.

हिपोक्रेटिसच्या नावाने जो ग्रंथसमूह ओळखला जातो त्यात बायकांच्या आजारांवर मोठमोठी प्रकरणं आहेत, बहुतेक इसवी सनापूर्वीच्या पाचव्या आणि चौथ्या शतकांतली. 'स्त्रियांचे आजार' या ग्रंथाच्या पहिल्या भागात लेखक तळमळून लिहितो की कितीतरी बायका निव्वळ यामुळे मरतात की आपल्याला काय होतंय हे ज्यांना कळतं त्यासुद्धा लाजेमुळे सांगत नाहीत. वय आणि अनुभव कमी असल्याने आणि बोलायला ते शोभत नाही असं वाटल्याने त्या गप्प राहतात, आणि मग दुखणं हाताबाहेर जातं. वैद्यांनाही तो सोडत नाही. आजाराचं मूळ नीट विचारून न घेता वैद्य बायकांवर पुरुषांचेच उपचार करतात, अशी त्याची तक्रार आहे. अग्नोदिकेच्या कथेतली लाजेने मरणारी बाई इथे, कथेच्या कित्येक शतकं आधी, एका वैद्याच्या लेखणीतून समोर येते.

युरिपिडीसच्या 'हिप्पोलितोस' नाटकात, जे इसवी सनापूर्वी 428मध्ये अथेन्सच्या रंगमंचावर आलं, फेड्रा राणी अंथरुणाला खिळलेली असते. तिची म्हातारी दाई तिला समजावते: दुखणं चारचौघांत सांगण्यासारखं नसेल तर आम्ही बायका इथे आहोत, आणि पुरुषांना सांगण्यासारखं असेल तर सांग, वैद्याला कळवू. दोन वाटा इतक्या स्वच्छ मांडलेल्या दुसरीकडे क्वचितच सापडतील. एक वाट घरातल्या बायकांची, दुसरी वैद्याची. कोणती वाट धरायची ते दुखणं किती 'बोलण्याजोगं' आहे यावर ठरायचं.

वैद्याची वाट धरली तर काय पदरी पडत होतं हेही पाहायला हवं. गर्भाशय जागा सोडून अंगात वर सरकतं, काळजाला किंवा यकृताला जाऊन भिडतं आणि बाईचा श्वास कोंडतो, अशी समजूत त्या ग्रंथांत आहे. मग त्याला खाली आणायला नाकापाशी घाण वासाच्या वस्तूंचा धूर आणि खालून सुगंधी धूर. मूल अडलं तर बाईला खाटेला बांधून खाट उचलायची आणि कळ येईल तशी झटके देऊन हलवायची, हा उपाय तिथे तपशिलाने दिलेला आहे. मूल पोटात मेलं असेल तर ते तुकडे करून काढायची शस्त्रंही होती. हे वाचताना अंगावर काटा येतो. आपल्या खोलीच्या दारात पुरुष उभा पाहून मान फिरवणाऱ्या बाईला केवळ लाजच नव्हे, भीतीही वाटत असणार.

याच ग्रंथांमधून आणखी एक गोष्ट कळते. अंतर्गत तपासणी बहुधा वैद्य स्वतः करत नव्हता. बाईने स्वतः हाताने चाचपून सांगायचं किंवा दुसऱ्या बाईने पाहून सांगायचं. सातव्या महिन्यात जन्मलेलं मूल जगतं हे सांगताना एक लेखक म्हणतो, विश्वास नसेल तर बाळंतपणाला हजर असणाऱ्या वैद्यकी करणाऱ्या बायकांकडे जाऊन विचारा. आपलं ज्ञान खरं ठरवायला पुरुष वैद्य बायकांची साक्ष काढतो आहे. ज्या काळात सुइणी नव्हत्या असं कथा सांगते, त्याच काळात त्यांच्याविना वैद्यांचंही पान हलत नव्हतं.

झगा वर उचलण्याच्या प्रसंगाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण आज वाचताना तो नाटकी वाटतो. प्राचीन लोकांना ही कृती ठाऊक होती आणि तिच्यात एक ताकद मानली जात होती. डिमीटर देवी मुलीच्या शोकात बुडालेली असताना बाउबो नावाच्या बाईने अशाच रीतीने तिला हसवलं, अशी पुराणकथा आहे. आशिया मायनरमधल्या प्रिएने इथे डिमीटरच्या देवळात सापडलेल्या भाजक्या मातीच्या मूर्ती बाउबोच्या मानल्या जातात. प्लुटार्क या ग्रीक लेखकाने बायकांच्या पराक्रमांवर लिहिलेल्या पुस्तकात दोन प्रसंग आहेत. रणातून पळून शहराकडे आलेल्या पर्शियन सैनिकांसमोर बायकांनी वस्त्र उचलून, आता पुन्हा आमच्या पोटात शिरणार का, असं विचारलं तेव्हा ते लाजून माघारी लढायला गेले. दुसऱ्या प्रसंगात लिकियाच्या बायका तशाच पुढे आल्या तेव्हा पुराणकथेतला वीर बेलेरोफोन मागे हटला आणि त्याच्यामागून चढत आलेला समुद्रही परतला. अग्नोदिकेने हेच दोनदा केलं, आणि दोन्ही वेळा त्याचा अर्थ वेगळा झाला. कळा देणाऱ्या बाईसमोर तो भरवसा होता. न्यायमंडळासमोर तो पुरावा होता, आणि पुरावा देताच त्याने नवा गुन्हा उभा केला. ब्रिटिश अभ्यासक हेलन किंग यांनी 1986मध्ये या कथेवर जो निबंध लिहिला त्यापासून अग्नोदिकेकडे इतिहास म्हणून न पाहता कथा म्हणून पाहण्याची दिशा पक्की झाली. मला ती पटते. पण या कथेतलं सर्वांत मोलाचं पात्र मला अग्नोदिके वाटत नाही. न्यायमंडळापुढे चालत आलेल्या त्या बायका वाटतात. अग्नोदिकेचं कौशल्य पदवीने सिद्ध झालेलं नाही, गुरूने येऊन साक्ष दिलेली नाही. जिवंत राहिलेल्या रुग्णांनी येऊन सांगितलं, आणि ते मानलं गेलं.

कथेचं पुढचं आयुष्य याच बळावर चाललं. 1535मध्ये पुस्तक छापलं गेल्यावर अग्नोदिके युरोपभर फिरली, आणि जिथे जिथे बायकांच्या वैद्यकीवर वाद पेटला तिथे तिला साक्षीला बोलावलं गेलं. लंडनमध्ये एलिझाबेथ सेलियर नावाची कॅथलिक सुईण होती. राजद्रोहाच्या खटल्यातून ती 1680मध्ये सुटली, पण आपल्यावरच्या अन्यायाची हकीकत छापल्याबद्दल तिला पुन्हा शिक्षा झाली आणि भर रस्त्यात लाकडी खोड्यात उभं करण्यात आलं. एवढं सोसूनही 1687मध्ये तिने राजा दुसरा जेम्स याच्यापुढे एक योजना ठेवली: सुइणींची अधिकृत संस्था काढावी, तिथे त्यांना शिक्षण मिळावं, त्यांच्या शुल्कातून टाकलेल्या मुलांसाठी रुग्णालय चालावं. एका डॉक्टरने शंका काढल्या तेव्हा 1688मध्ये तिने पत्रक छापून उत्तर दिलं आणि त्यात अथेन्सची अग्नोदिके पुढे केली. त्याच वर्षी जेम्सचं राज्य गेलं आणि त्याच्याबरोबर ती योजनाही. पुढच्या शतकात चिमटे घेऊन बाळंतपणं करणारे पुरुष इंग्लंडमध्ये पुढे आले, तेव्हा दोन्ही बाजूंनी अग्नोदिकेचं नाव घेतलं. सुइणींची बाजू घेणारे म्हणत, बायकांना बाईच हवी. पुरुषांची बाजू घेणारे म्हणत, अग्नोदिकेलाही शिकवलं ते पुरुषाने.

एकोणिसाव्या शतकात सोफिया जेक्स-ब्लेक यांनी स्त्रियांच्या वैद्यकीय शिक्षणाच्या बाजूने लिहिताना जुने दाखले जमवले, त्यात अग्नोदिके होती. 1869मध्ये त्यांच्यासह सात जणी एडिनबरा विद्यापीठात वैद्यक शिकू लागल्या. त्यांच्यातल्या एडिथ पीची रसायनशास्त्राच्या परीक्षेत इतक्या वर आल्या की एक मानाची शिष्यवृत्ती त्यांच्याकडे जायला हवी होती. ती एका पुरुष विद्यार्थ्याला देण्यात आली. 18 नोव्हेंबर 1870 रोजी शरीररचनाशास्त्राच्या परीक्षेला निघालेल्या या मुलींची वाट जमावाने अडवली, चिखल फेकला, त्या आत पोचल्यावर परीक्षेच्या दालनात एक मेंढीही सोडली. अथेन्सच्या कथेतल्या वैद्यांनी निदान न्यायमंडळापुढे तक्रार नेली होती. अखेर विद्यापीठाने पदवी दिलीच नाही. जेक्स-ब्लेक यांनी सहकाऱ्यांच्या मदतीने 1874मध्ये लंडनला स्त्रियांचं वैद्यकीय महाविद्यालय उभारलं. पीचीबाईंनी 1877मध्ये बर्नहून पदवी घेतली.

पुढची वाट थेट मुंबईला येते. एडिथ पीची 1883मध्ये मुंबईत आल्या आणि 1886मध्ये सुरू झालेल्या कामा रुग्णालयाची जबाबदारी त्यांनी सांभाळली. बायकांसाठी बायकांनी चालवायचं हे रुग्णालय पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून उभं राहिलं होतं. बालपणी लावून दिलेल्या नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही म्हणून न्यायालयात उभ्या राहिलेल्या रखमाबाईंच्या पाठीशी पीचीबाई ठाम राहिल्या. मार्च 1887मध्ये न्यायालयाने नवऱ्याकडे जा नाहीतर तुरुंगात जा असा निकाल दिला, तेव्हा रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली. 1888मध्ये तडजोड झाली, आणि पुढे त्या लंडनला जेक्स-ब्लेक यांच्या खटपटीतून उभ्या राहिलेल्या त्याच महाविद्यालयात शिकल्या. 1894मध्ये डॉक्टर होऊन परतल्यावर सुरतेत आणि मग राजकोटमध्ये त्यांनी कितीतरी वर्षं बायकांवर उपचार केले. त्यांच्याही आधी, फेब्रुवारी 1883मध्ये, आनंदीबाई जोशी श्रीरामपूरच्या सभेत उभ्या राहून सांगत होत्या की हिंदुस्थानात बायकांना बाई डॉक्टर हवी, कारण पुरुषासमोर त्या मन आणि अंग मोकळं करू शकत नाहीत. हिपोक्रेटिसच्या पंथातल्या त्या अनाम वैद्याने जे लिहिलं तेच, सुमारे तेवीस शतकांनंतर, सतरा वर्षांच्या मुलीने बोलून दाखवलं. फरक एवढाच की ते सोसणाऱ्यांच्या बाजूने बोललं जात होतं. आनंदीबाईंनी वेष पालटला नाही. नऊवारी नेसून, आपण कोण आणि कशासाठी जातो आहोत हे जाहीर सांगून त्या गेल्या आणि 1886मध्ये फिलाडेल्फियाहून पदवी घेऊन आल्या. त्यांचा प्रबंध हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर होता.

सेलियर, जेक्स-ब्लेक आणि त्यांच्यासारख्या कितीजणींना आधार म्हणून दंतकथा पुरवावी लागली, याची मला खंत वाटते. कारण दंतकथेत एक तोटा दडलेला आहे. तिच्यामुळे असं वाटू लागतं की प्राचीन जगात वैद्यकीत बाई नव्हतीच, एखादीच शूर मुलगी वेष पालटून शिरली. दगडावरचे लेख वेगळं सांगतात, आणि ते ठणठणीत पुरावे आहेत.

अथेन्सच्या उत्तरेला मेनिदी म्हणून ठिकाण आहे, प्राचीन काळचं आखार्नाय. तिथली एक समाधिशिला आज अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे. काळ इसवी सनापूर्वी चौथ्या शतकाच्या मध्याचा, म्हणजे हेरोफिलोसच्याही आधीचा. शिळेवर एक बसलेली आणि एक उभी अशा दोन स्त्रिया कोरल्या आहेत, आणि त्यांच्याभोवती लहान मुलं. लेखात जी पुरलेली आहे तिचं नाव फानोस्त्राते असं दिलं आहे, आणि नावाबरोबर तिचा व्यवसाय: सुईण आणि वैद्य. दोन्ही. 'वैद्य' यासाठी वापरलेला शब्द पुरुष वैद्यांसाठी असायचा तोच आहे. तिने कुणालाही दुःख दिलं नाही आणि तिच्या जाण्याने सगळे हळहळले, असा त्या ओळींचा आशय आहे. चौथ्या शतकातल्या अथेन्समध्ये, जिथे म्हणे बायकांना ही विद्या बंद होती, तिथे एका बाईच्या घरच्यांनी तिचा व्यवसाय दगडावर कोरून रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला वाचायला ठेवला. लपवाछपवीचा मागमूसही नाही. अशी नक्षीदार शिळा स्वस्तात मिळत नसे, त्यामुळे तिच्या कामाला मान होता आणि पैसाही होता असं म्हणायला हरकत नाही. अस्क्लेपिओसच्या देवळातल्या अर्पण केलेल्या वस्तूंमध्येही फानोस्त्राते हे नाव येतं. ती हीच असावी असं बरेच अभ्यासक मानतात.

सुइणीचं काम किती जाणतेपणाचं मानलं जायचं हे सोरानोसच्या ग्रंथात दिसतं. एफेसोसचा हा वैद्य इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला रोममध्ये होता. चांगल्या सुइणीला वाचता-लिहिता यावं, म्हणजे कामाला सिद्धांताची जोड मिळेल, असं तो म्हणतो. स्मरणशक्ती हवी, अंगात बळ हवं, बोटं लांब आणि नखं कापलेली हवीत. तिने स्वतः मूल जन्माला घातलेलंच असावं हा जुना आग्रह तो मोडून काढतो. बाळंतपणासाठी अर्धचंद्राकृती मोकळी जागा ठेवलेली खुर्ची, बाळंतिणीला धीर देणाऱ्या तीन मदतनीस, नाळ कापण्याची आणि बाळ गुंडाळण्याची पद्धत, सगळं तो बारकाईने सांगतो. त्यात एक सूचना आहे जिच्यामुळे हा माणूस मला फार जवळचा वाटतो. सुइणीने कळा देणाऱ्या बाईच्या अंगाकडे टक लावून पाहू नये, नाहीतर लाजेने तिचं अंग आकसेल. लाज हा बाईचा दोष म्हणून तो सोडून देत नाही, तिला बाळंतपणाची एक अडचण मानतो आणि सुइणीच्या नजरेला शिस्त लावतो. रोमजवळच्या ओस्तियाच्या दफनभूमीत स्क्रिबोनिया आत्तिके या सुइणीच्या थडग्यावर नेमकी अशीच खुर्ची कोरली आहे: बाई खुर्चीवर, मागे धरून उभी असलेली मदतनीस, आणि समोर खाली बसलेली सुईण, जिने मान वळवून चेहरा आपल्याकडे केला आहे.

फानोस्त्राते गेली त्याला तीन शतकं लोटल्यावर, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या आसपास, आजच्या तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यालगत लिकिया प्रांतातल्या त्लोस शहरात एक पुतळा उभा राहिला. पुतळा नाहीसा झाला, त्याच्या चौथऱ्यावरचा लेख उरला. दिओदोतोसची मुलगी अँटिओखिस हिच्या वैद्यकीतल्या अनुभवाची दखल त्लोसच्या नगरसभेने आणि जनतेने घेतली आणि हा आपला पुतळा तिने स्वतः उभारला, असं त्यात लिहिलं आहे. अँटिओखिस नावाच्या वैद्य स्त्रीचं औषध पुढे गालेन या वैद्याच्या ग्रंथात येतं, प्लीहेच्या विकारावर, जलोदरावर आणि सांधेदुखीवर. म्हणजे ती फक्त बाळंतपणं करत नव्हती. पुरुष वैद्य जे जे आजार हाताळत ते तीही हाताळत होती, आणि तिची कृती नावासकट उतरवून घेण्यात कुणाला कमीपणा वाटला नाही.